व्ही-कट घ्यावी की जॅमर?

पोहण्याच्या उन्हाळी बॅचला नाव घातलं की आधी चड्डीचा प्रश्न येतो. पुण्यातल्या दुकानात नुसती ‘ट्रंक’ मागितली तर काहीही समोर येतं: आखूड बॉक्सर, गुडघ्याशी थांबणारा जॅमर किंवा त्रिकोणी व्ही-कट. हवी ती नाव घेऊनच मागा. व्ही-कटला आपल्याकडे सर्रास ‘फ्रेंची’ म्हणतात. ते व्हीआयपी ब्रँडच्या आतल्या चड्डीचं नाव, त्यामुळे निम्मा संकोच त्या शब्दातच आहे. ऑस्ट्रेलियात हिला ‘स्पीडो’ म्हणतात. १९२८ सालचं ब्रँडचं नाव कपड्यालाच चिकटलं. आणि तालमीतला लंगोट हिच्याहून कमीच झाकतो, तरी त्यावर कुणी नाक मुरडत नाही.

रोज तलावाच्या लांब्या मारायच्या असतील तर व्ही-कटच घ्या. ब्रेस्टस्ट्रोकची लाथ मारताना मांडी मोकळी राहते, कापड थोडं असल्याने लवकर वाळते. जॅमर मापात बसला तर उत्तम, पण सैल पडला की पायाच्या कडेतून पाणी शिरतं आणि ओढ जाणवते. ओला जॅमर उतरवणं म्हणजे कसरतच. स्पर्धेला दोन्ही चालतात: २०१० पासूनच्या नियमाने पुरुषांचा पोशाख बेंबीच्या वर आणि गुडघ्याच्या खाली जाता कामा नये, एवढंच.

बर्मुडा नकोच. खिशात हवा आणि पाणी भरतं. फ्रान्समधल्या बहुतेक सार्वजनिक तलावांवर तर स्वच्छतेसाठी सैल चड्डीला बंदी आहे, तिथे अंगाला चिकटणारीच लागते.

सोसायटीच्या तलावावर, शेजारपाजारची कुटुंबं असताना, जॅमर सोपा जातो. हा भिडेचा मामला आहे आणि भीड मोडायला वेळ लागतो. मुलगा लाजत असेल तर त्याच्यावर व्ही-कट लादू नका. लाजेपायी पोहणंच सुटलं तर नुकसान मोठं.

घेताना आत अस्तर आणि नाडी आहे ना, ते पाहा. पाण्यात कापड सैलावतं, म्हणून कोरडी असताना घट्टच बसायला हवी. आत दुसरी चड्डी घालू नका, जांघ सोलवटते. मागच्या बाजूचं कापड ताणून उजेडाकडे धरा. बोटं दिसली तर परत ठेवा. क्लोरीन लायक्रा खातं, आणि बसण्याच्या जागी कापड आधी झिरझिरीत होतं. पॉलिएस्टर-पीबीटी हे मिश्र कापड जास्त टिकतं. पोहून झाल्यावर साध्या पाण्यात खळबळून, न पिळता, सावलीत वाळवा. सूर मारण्याआधी नाडी बांधायला विसरू नका.