‘कोको’ की ‘द बुक ऑफ लाइफ’: मुलांसोबत आधी कोणता लावावा?

मेक्सिकोतल्या ‘मृतांच्या दिवसा’वर दोन मोठे ॲनिमेशनपट आहेत: होर्हे गुतिएरेझचा ‘द बुक ऑफ लाइफ’ (२०१४) आणि पिक्सारचा ‘कोको’ (२०१७). दोन्हींत घरच्या धंद्यापेक्षा गिटार प्यारी असलेला नायक आणि मेलेल्यांच्या दुनियेतला प्रवास. आठवण काढणारं कुणी उरलं नाही की मेलेला माणूसही संपतो, ही कल्पनाही दोन्हीकडे आहे. त्यावरून ‘नंतरच्यानं आधीच्याचं उचललं’ असा वाद अधूनमधून निघतो. मला तो पटत नाही. सण एकच म्हटल्यावर सांगाडे, मेणबत्त्या आणि झेंडू दोघांकडे येणारच. (झेंडू आपल्याकडे आला तोही मुळात मेक्सिकोकडूनच, त्यामुळे ‘कोको’तला पाकळ्यांचा पूल आपल्या मुलांना परका वाटत नाही.)

नुसत्या चित्रकामाचं विचाराल तर माझं झुकतं माप ‘बुक ऑफ लाइफ’ला. म्युझियममधली गाइड शाळकरी मुलांना लाकडी बाहुल्या दाखवत गोष्ट सांगते, म्हणून गोष्टीतली माणसंही लाकडाचीच. हातापायांचे सांधे स्पष्ट दिसतात. मेलेल्यांच्या दोन दुनियांवर राज्य करणाऱ्या देवतांपैकी ला मुएर्ते साखरेची घडवलेली, शिबाल्बा डांबराचा. संगणकाकडून खऱ्या कातडीची नक्कल करून न घेता हातानं कोरलेल्या वस्तूचा पोत काढून घेतलाय, आणि तो शेवटपर्यंत सुटत नाही. ‘कोको’ त्या मानानं सरळमार्गी दिसतो. त्याची मेहनत बारकाव्यांत आहे: त्यातला नायक मिगेल गिटार वाजवतो तेव्हा बोटं खरोखर त्या त्या सुरांवर पडतात.

तरीही मुलांसोबत बसायचं असेल तर मी ‘कोको’च लावतो. कारण एकच, आणि कुणाला ते किरकोळ वाटेलही. ‘बुक ऑफ लाइफ’मध्ये ती म्युझियममधली मुलं सारखी मध्ये बोलतात. नायक मनोलो मरतो, आपल्याला कुठे धक्का बसतोय, तोच गोष्ट थांबते आणि पोरांचा गिल्ला सुरू होतो, वर एक विनोद. मुलांना भीती वाटू नये म्हणून केलं असेल, समजू शकतो. पण दुःख मुरायला दोन क्षणही मिळत नाहीत. माझ्या भाचीनं नेमकं तिथेच पाणी मागितलं आणि नंतर तिचं लक्ष लागलंच नाही.

‘कोको’त याच्या जोडीला ठेवावा असा प्रसंग चिचारोनचा, म्हणजे जगात ज्याची आठवण काढणारं कुणी उरलेलं नाही अशा म्हाताऱ्या सांगाड्याचा. मेलेल्यांच्या दुनियेत मिगेलला वाट दाखवणारा हेक्टर त्याच्याकडे गिटार मागायला जातो, त्याच्या आवडीचं गाणं म्हणतो. म्हातारा झोळीत पडल्या पडल्या हसतो, हाडं उजळतात आणि तो विरून जातो. हेक्टर त्याच्या नावानं पेला रिकामा करतो. काय झालं, हा प्रश्न इथेही मूलच विचारतं, मिगेल. पण शांतता होऊन गेल्यावर, हळू आवाजात. भाची तेव्हा गप्प होती. सिनेमा संपल्यावर तिनं भिंतीवरच्या फोटोतल्या पणजोबांचं नाव विचारलं. एका मुलीवरून नियम काढता येत नाही, हे कबूल. निदान आमच्या घरी तरी फरक इतका स्वच्छ दिसला.

‘कोको’लाही खोट आहे. खलनायक मोठ्या मुलांना लवकर कळतो, आणि त्याचं पाप उघडं पडतं ते जुन्या सिनेमातला प्रसंग दाखवून, फार समजावून सांगितल्यासारखं. पण तेवढ्यानं रसभंग होत नाही. ‘बुक ऑफ लाइफ’मधली ओळखीची पॉप गाणी मात्र मला दरवेळी गोष्टीबाहेर काढतात.

घरात चित्रं काढणारं मूल असेल तर ‘बुक ऑफ लाइफ’ दुसऱ्या दिवशी जरूर लावा. मनोलो आपल्या पूर्वजांना भेटायला पोहोचतो तिथे रिमोट हाताशी ठेवा. एकेका फ्रेमवर थांबून बघण्यासारखं तिथे खूप आहे.