उभ्या गाडीला कोणी ठोकून गेलं: शोध घ्यायचा, क्लेम करायचा की पदरचा खर्च?

गाडी उभी होती, ठोकणारा पसार झाला, वायपरखाली चिठ्ठीही नाही. अशा वेळी तीन वाटा उरतात: त्याला शोधून त्याच्याकडून किंवा त्याच्या विम्यातून भरपाई घेणं, स्वतःच्या विम्यावर क्लेम करणं, नाहीतर पदरमोड करून गाडी नीट करून घेणं. बरेच जण पोचा बघताक्षणी यातली एक वाट धरतात. तिथेच गणित चुकतं, कारण आत काय मोडलंय ते तेव्हा कळलेलं नसतं आणि पॉलिसीही उघडून पाहिलेली नसते.

गाडी हलवण्याआधी

पहिल्या अर्ध्या तासातलं काम तिन्ही वाटांना लागतं. चारही कोपऱ्यांतून गाडीचे फोटो घ्या, त्यात जागा ओळखू येऊ द्या. शेजारी उभ्या गाड्यांचे नंबरही टिपा. मग मार लागलेल्या जागेशेजारी मेजरिंग टेप जमिनीपासून उभी धरून जवळून फोटो काढा. ही उंची फार बोलकी असते. साधारण 40 ते 55 सेंटिमीटरवरची आडवी खूण बहुधा मोटारीच्या बंपरची. त्याच्या खूप वर असेल तर उंच गाडी किंवा मालवाहू वाहन. 90 ते 100 सेंटिमीटरवर एकच खोल रेघ असेल तर दुचाकीच्या हँडलचं टोक.

तुमच्या गाडीवर दुसऱ्या गाडीचा रंग लागला असेल तर तो पुसू नका. त्याचा फोटो घ्या आणि सुटणारी एखादी खपली कागदाच्या पुडीत ठेवा. खाली पडलेले दिव्याच्या किंवा आरशाच्या कव्हरचे तुकडे गोळा करा. दिव्याच्या प्लास्टिकवर आतल्या बाजूला अनेकदा बनवणाऱ्याचं नाव आणि पार्ट नंबर उठवलेला असतो. नखाएवढ्या तुकड्यावरूनही गाडीचं मॉडेल कळू शकतं.

सीसीटीव्ही फुटेज त्याच दिवशी मागा. रेकॉर्डर जुन्या चित्रणावर नवं चढवत जातो, ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणेपर्यंत ते पुसलं जातं. आणखी एक गोष्ट हटकून राहते: कॅमेऱ्याचं घड्याळ खऱ्या वेळेच्या किती मागेपुढे आहे ते लिहून घ्या. हा फरक नोंदवला नाही तर पुढे तक्रारीतली वेळ आणि फुटेजमधली वेळ जुळत नाही.

ठोकणाऱ्याला शोधणं

तो सापडला तर हीच सगळ्यात न्याय्य वाट: तुमचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल नूतनीकरणात मिळणारी सवलत) शाबूत राहतो आणि खिशालाही चाट बसत नाही. पण आमचं स्पष्ट मत असं, की नंबर प्लेट, वाचता येणारं फुटेज, नंबर सांगणारा साक्षीदार किंवा पार्ट नंबर असलेला तुकडा, यांपैकी काहीच हाती नसेल तर या वाटेवर आठवडे घालवू नयेत. पोलिसांत लेखी तक्रार मात्र द्यावी. क्लेम करताना तिची प्रत मागितली जाऊ शकते, आणि महिन्याभराने नंबर मिळाला तर धागा तिथूनच पुढे जातो.

नंबर हाती आला तरी परस्पर त्याच्या दारात जाऊ नका. नंबर पोलिसांना द्या, मालक आणि विमा कंपनी त्यांच्यामार्फत कळू द्या. समोरच्याने रोख देऊन मिटवू म्हटलं, तर गॅरेजमध्ये बंपर उतरवून आतलं पाहिल्याशिवाय रक्कम ठरवू नका. ‘सर्व हिशेब मिटला’ अशा कागदावर सही झाली की नंतर निघालेला सेन्सरचा खर्च तुमच्या माथी येतो.

स्वतःच्या विम्यावर क्लेम

आधी पॉलिसी उघडा. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर तुमच्या गाडीचं नुकसान त्यात येत नाही, ही वाट तिथेच संपते. सर्वसमावेशक पॉलिसी असेल तर तीन आकडे शोधा: प्रत्येक क्लेममध्ये तुम्ही भरायची ठरलेली रक्कम, प्लास्टिक आणि इतर भाग जुने झाले म्हणून कापला जाणारा घसारा, आणि हुकणारा नो क्लेम बोनस. चूक तुमची नव्हती, तरी ठोकणाऱ्याकडून वसुली झाली नाही तर बोनस सहसा जातोच. बोनस टिकवणारं संरक्षण वेगळं घेतलेलं असेल तर गोष्ट निराळी.

समजा, बिल 100 आलं. त्यातले 15 तुम्ही भरायचे, घसारा 20. कंपनीकडून मिळाले 65. पण पुढच्या नूतनीकरणात 40 ची सवलत गेली, आणि सवलत वर्षागणिक वाढत जाणारी असेल तर त्यापुढच्या वर्षांतही थोडीथोडी गेली. हातात खरोखर उरलं 25 किंवा त्याहून कमी. वर्षभरात मोठा अपघात झाला असता तर हाच बोनस तिथे खर्ची घालणं परवडलं असतं.

उलट बिल 400 असेल, तुमचा वाटा तोच 15 आणि हुकलेली सवलत तीच 40, तर घसारा वजा जाऊनही क्लेमच शहाणपणाचा. हा हिशेब गॅरेजच्या लेखी अंदाजावर करा, आकडा कळेपर्यंत थांबायला हरकत नाही. मात्र कंपनीला कळवण्याची मुदत चुकवू नका, आणि कंपनीचा सर्व्हेअर (नुकसान तपासणारा) पाहून जाईपर्यंत दुरुस्तीला हात लावू देऊ नका. जुने ओरखडे याच क्लेममध्ये घालायला गेलात तर वेगवेगळ्या उंचीच्या आणि दिशांच्या खुणा सर्व्हेअरला लगेच दिसतात, आणि खऱ्या नुकसानीवरही शंका येते.

पदरचा खर्च, आणि तो कशावर

ओरखड्यावरून नख फिरवा. नख अडकत नसेल आणि पाणी लावल्यावर रेघ दिसेनाशी होत असेल, तर इजा रंगावरच्या पारदर्शक थरापुरती, म्हणजे क्लिअर कोटपुरती आहे आणि पॉलिशने भागेल. कंपनीच्या रंगाचे सगळे थर मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन असतात, क्लिअर कोट त्यातला तिसरा हिस्सा. म्हणून मशीन घासून घासून खोल रेघ काढायचा हट्ट धरू नये. पुढे उन्हात त्या जागेचा क्लिअर कोट सोलायला लागतो.

पत्रा दबलाय पण रंग फुटलेला नाही, आणि पोच्याच्या मागे हत्यार पोचतं, अशा वेळी पुन्हा रंग न देता पोचा काढून घेणं सर्वात उत्तम. मूळ रंग राहतो आणि लांबी (पुट्टी) भरावी लागत नाही. धारदार घडी पडलेली असेल किंवा पोचा पॅनलच्या कडेवर असेल तर हे सहसा जमत नाही.

पॅनल बदलायचं की ठोकून सरळ करायचं, हा प्रश्न पॅनल कसं बसवलंय यावर सोडवा. पुढचं फेंडर, दरवाजे, बॉनेट, डिकीचं झाकण बोल्टवर असतात. घडी पडली तर बिनधास्त बदला. मागच्या चाकावरचं क्वार्टर पॅनल मात्र वेल्ड केलेलं असतं. ते कापून नवं जोडलं की कारखान्यातले जोड आणि गंजरोधक थर तुटतात, म्हणून तिथे शक्य तोवर दुरुस्तीच बरी. लांबी दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड भरू देऊ नका, जाड थर पुढे तडकतो.

प्लास्टिक बंपर फसवा असतो. दबतो, परत वर येतो, आणि वरून फक्त ओरखडा दिसतो. आत क्लिपा, ब्रॅकेट, फोम किंवा धातूची आडवी बीम गेलेली असू शकते. मागून मार असेल तर डिकीतला गालिचा उचलून स्टेपनीच्या खोबणीत पत्र्याला सुरकुती आलीय का ते पाहा. चाकाला धक्का असेल आणि सरळ रस्त्यावर स्टिअरिंग तिरकं राहत असेल तर अलाइनमेंटआधी चाक धरून ठेवणारे टाय रॉड आणि कंट्रोल आर्म तपासून घ्या. यातलं काहीही निघालं तर हिशेब क्लेमकडे झुकतो.

नुसता प्लास्टिकवरचा ओरखडा वर्षभर तसाच ठेवला तरी गंजत नाही. उघड्या पडलेल्या लोखंडी पत्र्याला दमट हवेत काही दिवसांतच गंज धरतो. निर्णय लांबणार असेल तर तिथे, फोटो काढून झाल्यावर, टचअपचा एक हात मारून ठेवा आणि तसं सर्व्हेअरला सांगा.

गाडी परत घेताना ती दिवसाउजेडी पाहा. मेटॅलिक रंग ट्यूबलाइटखाली जुळलेला वाटतो आणि बाहेर उन्हात वेगळा पडतो. शेजारच्या पॅनलवर रंग विरवत नेलेला नसेल तर हटकून. दरवाजांच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का, पार्किंग सेन्सर सगळे वाजतात का हे बघा. बंपरमागे रडार असेल तर त्याचं कॅलिब्रेशन (मोजमाप पुन्हा जुळवणं) केल्याची नोंद बिलात मागा. नव्या रंगाला किमान महिनाभर वॅक्स लावू नका.