वेफरच्या कापणीतून परत मिळवलेलं सिलिकॉन: केक, पावडर की ब्रिकेट?

डायमंड वायरने (हिऱ्याचे कण बसवलेल्या तारेने) वेफर, म्हणजे सिलिकॉनच्या पातळ चकत्या, कापताना इनगॉटमधलं (मूळ ठोकळ्यातलं) साधारण एक तृतीयांश सिलिकॉन भुगा होऊन कूलंटच्या पाण्यात जातं. हा भुगा तीन रूपांत विकत मिळतो: फिल्टर प्रेसमध्ये पाणी दाबून काढलेला ओला केक, वाळवलेली पावडर आणि दाबलेली ब्रिकेट (छोटी वीट). माहितीपत्रकावर ९९.९ टक्के शुद्धता छापलेली असली, तर हा आकडा बहुतेक वेळा फक्त धातूंच्या अशुद्धीवरून काढलेला असतो. ऑक्सिजन आणि कार्बन त्यात धरलेलेच नसतात, आणि खरं नुकसान तिथेच आहे.

हिशोब करून बघा. मालात ५ टक्के ऑक्सिजन असेल, तर सुमारे ४.४ टक्के सिलिकॉन आधीच ऑक्साइडमध्ये अडकलेलं असतं. निर्वातात वितळवताना तो ऑक्साइड आणखी तेवढंच सिलिकॉन सोबत घेऊन सिलिकॉन मोनॉक्साइड वायूच्या रूपात निघून जातो. म्हणून ऑक्सिजनचा आकडा इनर्ट गॅस फ्यूजन चाचणीचाच (निष्क्रिय वायूत नमुना वितळवून सुटणारा ऑक्सिजन मोजणारी चाचणी) मागावा. हवेत तापवून वजनातली घट मोजणं इथे फसवं ठरतं: कार्बन जळून वजन कमी होतं आणि त्याच वेळी सिलिकॉन ऑक्सिजन घेऊन ते वाढवतं.

ओला केक स्वस्त असतो, पण तो दररोज थोडा थोडा बिघडत असतो. कण मायक्रॉनच्या आसपासचे, त्यामुळे पृष्ठभाग प्रचंड. पाण्याशी अभिक्रिया होऊन ऑक्साइड वाढतो आणि हायड्रोजन सुटतो. १ किलो सिलिकॉन पूर्ण ऑक्सिडीकृत झालं तर सुमारे १.६ घनमीटर हायड्रोजन निघेल. घट्ट बंद ड्रम फुगतात ते यामुळेच. व्हेंट (वायू बाहेर सोडणारी वाट) नसलेला ड्रम उतरवूनच घेऊ नये. अल्कधर्मी पाण्यात हा वेग फार वाढतो, म्हणून केकचा पीएच आणि कापणीची तारीख दोन्ही विचारा. किंचित आम्लधर्मी केलेला, ताजा केक चांगला. कापणी आणि प्रेस यांत बरेच दिवस गेले असतील तर भाव कितीही पाडून मिळाला तरी तो महागच पडतो.

पावडर घ्यायची तर निर्वातात किंवा नायट्रोजनखाली, कमी तापमानाला वाळवलेलीच. गरम हवेत वाळवली की कोरडी होता होताच ऑक्सिजन वाढतो. ही धूळ स्फोटक आहे; ओतताना अर्थिंग आणि नायट्रोजन हवेच. सुटी पावडर निर्वात भट्टीत टाकली तर बरीचशी पंपाकडे ओढली जाते.

वितळवायचं असेल तर आमची पसंती ब्रिकेटला, पण एका अटीवर: नुसत्या दाबाने बनलेली हवी. सेंद्रिय बाइंडर (चिकटवणारा पदार्थ) जळाल्यावर मागे राहणारा कार्बन वितळलेल्या सिलिकॉनमध्ये सिलिकॉन कार्बाइड होऊन बसतो. आत ओल राहिलेली ब्रिकेट वितळलेल्या धातूत टाकली की उसळते, तेव्हा १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत नमुना तपासून घ्या.

वायरच्या लेपातलं निकेल आणि गाभ्यातलं लोखंड हायड्रोक्लोरिक आम्लाच्या धुण्याने बरंच उतरतं, उरलेलं दिशिक घनीभवनात (वितळलेलं सिलिकॉन एका टोकाकडून दुसऱ्याकडे हळूहळू गोठवताना) शेवटच्या थरात ढकललं जातं. बोरॉन आणि फॉस्फरस मात्र असे हटत नाहीत. त्यांचे पृथक्करण गुणांक (गोठताना घनातल्या आणि द्रवातल्या अशुद्धीचं गुणोत्तर) ०.८ आणि ०.३५ आहेत, म्हणजे बराच भाग घनातच राहतो. त्यामुळे एन (सहसा फॉस्फरस मिसळलेल्या) आणि पी (सहसा बोरॉन किंवा गॅलियम मिसळलेल्या) प्रकारच्या इनगॉटचा भुगा एकत्र झालेला माल पुन्हा वेफरकडे नेण्याच्या कामाचा नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूला किंवा सिलिकॉन नायट्राइडला तो चालू शकतो. पण तेव्हा भावही त्याच कामाचा लावून घ्यावा.

जुन्या स्लरी पद्धतीचा (तारेवर अपघर्षक कणांचं द्रव सोडून कापण्याच्या पद्धतीचा) साठा कुणी देऊ केला तर सरळ नाही म्हणा. त्यात सिलिकॉन कार्बाइडचे कण मिसळलेले असतात आणि ते सिलिकॉनपासून पुरेसे वेगळे करण्याचा खर्च सहसा मालाच्या किमतीलाच गिळतो.