घ्यायचं तर तुटकं पातं घ्या

जर्मनीत, ब्रान्डेनबुर्ग राज्यातल्या एका खेड्यात, जुन्या गोठ्यात थाटलेलं दुकान. फक्त शनिवारी उघडं, कार्ड चालत नाही, मालक एकटाच. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन विमानांचं भंगार विकतो. मला त्यातल्या प्रोपेलरच्या लाकडी पात्यांचं वेड. सावंतवाडीच्या सुताराचा मुलगा, हात आधी लाकडाकडेच जातो.

"फायटर विमानांना लाकडी पाती?" असं विचारणारे पुष्कळ भेटतात. हो. युंकर्स ८८ या बॉम्बफेकी विमानाला, शेवटच्या काळातल्या फोक-वुल्फ १९० डी-९ या फायटरला रुंद लाकडी पातीच होती. अ‍ॅल्युमिनियमची चणचण होतीच. शिवाय चाकं न उघडता विमान पोटावर उतरलं, तर लाकूड मोडतं आणि इंजिनाला बसणारा हादरा कमी होतो. त्यामुळे आज हाती लागतात ती बहुतेक थोटकंच.

दुकानात सगळ्यात पुढे मांडलेलं पातं मात्र अखंड, चकचकीत, वर घड्याळ बसवलेलं! ४८० युरो. मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला. ते म्हणाले, "नख मारून बघ." मुळाजवळ नख रुतलं. लुकण! चीर भरून वरून काळा रंग मारलेला. मालकाला विचारलं तर म्हणाला, गिऱ्हाइकांना असंच आवडतं. आवडत असेल, पण तसं चिठ्ठीवर लिहा की. या एका गोष्टीसाठी मी दुकानाला तारे देताना दोन कापले.

खरा माल मागच्या फळीवर होता. साधारण पाऊण मीटरचं थोटूक, १४० युरो. मुळाकडचा भाग राळ मुरवून दाबलेल्या बीच नावाच्या झाडाच्या लाकडाच्या थरांचा. टिचकी मारली तर दगडासारखा वाजतो. वर हलकं, मऊ लाकूड, आणि दोघांमध्ये असा लांब तिरपा सांधा की बाबा दोन मिनिटं गप्पच झाले. त्यावर तारेची जाळी, जाळीवर प्लॅस्टिकचं कवच, मग तो काळपट हिरवा रंग. मोडलेल्या टोकाला हे सगळे थर उघडे पडलेत, जाळी फाटक्या चाळणीसारखी बाहेर आलीय. घड्याळवाल्या पात्यात यातलं काहीएक दिसत नव्हतं.

कोपऱ्यात पहिल्या महायुद्धातला एक प्रोपेलर होता, त्यावर कारखान्याचं नाव चक्क 'गरुड'. बर्लिनच्या नॉयकोल्नमध्ये या नावाचा कारखाना होता खरा. किंमत विचारायचं धाडस झालं नाही. शेपटाच्या एका पत्र्यावरचं नाझी चिन्ह मालकाने पांढऱ्या पट्टीने झाकलं होतं, इथे ते उघड दाखवायला कायद्याने बंदी आहे. तेवढा तो काटेकोर.

माल कुठे सापडला, हे मात्र विचाराच. माझं थोटूक तळ्यातलं निघालं आणि ते मालकाने पैसे घेतल्यावर सांगितलं. पाण्यातलं लाकूड हीटरजवळ ठेवलं की तडकतं. म्हणून ते तळघरात, वर्तमानपत्रात गुंडाळून पडलंय. त्यात एक चीर आहे, तिच्या टोकाशी पेन्सिलीने खूण केलीय. बाबा दर रविवारी विचारतात, "पुढे गेली का रे?" अजून तरी नाही.