घरच्या गॅरेजसाठी कार लिफ्ट घेताय? माझे २,६५,५०० रुपये गेले, आधी हे वाचा

घरच्या गॅरेजमध्ये बसवायला रॅम्पवरून गाडी चढवायची लिफ्ट घेतली आणि २,६५,५०० रुपयांना फसलो. पैसे गेल्याची चीड आहेच. त्याहून मोठी चीड याची, की त्या लिफ्टखाली मी उभा राहून काम करणार आहे हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं, आणि तरीही त्याने ती माझ्या गळ्यात मारली.

मला चार खांबांची, दोन ट्रॅकची (म्हणजे चाकं ठेवायच्या दोन लांब पट्ट्यांची) लिफ्ट हवी होती. गाडी तिच्यावर स्वतःच्या चाकांवर उभी राहते, दोन खांबी लिफ्टसारखे चेसिसखाली हात नेमक्या जागी लावत बसावं लागत नाही. विकणाऱ्याला यातलं सगळं कळत होतं. छताची उंची विचारली, काँक्रीट किती जाड आहे ते विचारलं, गाडीचं वजन विचारलं. मी २,१८० किलो सांगितलं. तो म्हणाला, "साहेब, ही साडेतीन टनांची आहे, निर्धास्त राहा." नेमप्लेटचा फोटो पाठवला, त्यावर ३,५०० किलोच लिहिलेलं. इतके मुद्द्याचे प्रश्न विचारणारा माणूस भामटा असेल असं कुणाला वाटेल? माझ्या जागी दुसरा कुणी असता तरी त्याने विश्वास ठेवला असता.

किंमत ठरली २,३५,००० रुपये. त्यातले ७०,५०० आगाऊ. मग ट्रान्सपोर्टचे १८,००० वेगळे. माल दारात आल्यावर ट्रकवाला म्हणाला, उरलेले १,६४,५०० जमा झाल्याशिवाय उतरवायचं नाही असा मालकाचा हुकूम आहे. ट्रक रस्ता अडवून उभा, मागून हॉर्न सुरू. पाठवले. बसवणाऱ्यांनी १२,५०० रोख घेतले. पावती मागितली तर "मालक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतील." उतरवण्याआधी पूर्ण पैसे मागणाऱ्याला सरळ सांगा, ट्रक परत ने. भाडं बुडालं तर बुडू दे.

पण मला रात्र रात्र झोपू देत नाही ती गोष्ट वेगळीच आहे. सौदा ठरण्याआधी त्याने लिफ्ट चालतानाचा व्हिडिओ पाठवला होता. चार खांबी लिफ्ट वर जाताना प्रत्येक खांबातलं लॉक, म्हणजे गाडी खाली येऊ न देणारा खटका, खाचांवरून घसरतं आणि चारही बाजूंनी खट्, खट् असा आवाज येतो. वर्कशॉपमध्ये एकदा ऐकलेला माणूस तो विसरत नाही. व्हिडिओत फक्त पंपाची घरघर होती. माझ्या कानाला ते खटकलं, मी त्याला विचारलंही! तो म्हणाला, "यात लॉक हवेच्या दाबाने मागे धरलेलं असतं, म्हणून आवाज नाही." हवेवर लॉक सोडवायची सोय खरोखर असते, म्हणून ते पटलं. पण ती लागते लिफ्ट खाली आणताना. चढताना लॉक मागे धरलं तर लिफ्ट उचलणारा वायर रोप (तारेचा दोर) तुटल्यावर गाडी अडवणार कोण? हा एकच प्रश्न पुढे विचारायचा होता. समोरच्याने अर्धं खरं सांगितलं की पुढचा प्रश्न जिभेवर येतच नाही, आणि ही माणसं त्याच्यावरच जगतात.

लिफ्ट बसली. खाली कुणी नाही हे बघून गाडी चढवली, वर नेली आणि लॉकवर टेकवायला लिव्हर दाबला. ती टेकलीच नाही, थेट जमिनीपर्यंत खाली आली. टॉर्च घेऊन खांबात डोकावलो. खाचांची पट्टी जिथे असायला हवी तिथे ग्राइंडरने कापलेल्या ब्रॅकेटचे ठोंब होते आणि त्यांच्यावर ताजा निळा रंग. बोटाला लागला. मग नेमप्लेटचा कोपरा नखाने उचकटला. वर चिकटवलेला स्टिकर सोलून निघाला आणि खालच्या पत्र्यावर ठोकलेले आकडे दिसले: २,००० किलो. माझी गाडी २,१८० किलोची आहे.

लॉक नसलेल्या लिफ्टवर गाडी फक्त तेलाच्या दाबावर आणि दोरांवर लटकते. सील गळलं, होज फुटला किंवा दोर तुटला की खालचा माणूस संपला. म्हणूनच काम करताना गाडी आधी लॉकवर टेकवतात. नेमप्लेटच्या फोटोवर कधीही भरवसा ठेवू नका, समोर जाऊन नखाने खरवडा. क्षमता बघताना नुसत्या गाडीचं नाही, आतल्या सामानासकट वजन धरा. सुटे रॅम्प घेत असाल तर लिहिलेलं वजन एका रॅम्पचं की जोडीचं, हे लेखी घ्या, तिथेही हीच लबाडी चालते.

त्याचा फोन तेव्हापासून बंद आहे. बँकेत गेलो, म्हटलं समोरचं खातं गोठवा. उत्तर आलं, "पैसे तुम्हीच पाठवलेत, ओटीपी तुम्हीच टाकलात. पोलिसांचं पत्र आणा." पोलिसांकडे गेलो तर ते म्हणाले, "आधी बँकेकडून खातेदाराची माहिती आणा." ही टोलवाटोलवी चालू असताना पैसे खात्यातून निघून गेले. तक्रार लिहून घेणारे साहेब तर म्हणाले, "लिफ्ट मिळाली ना? मग फसवणूक कुठे झाली? हा दिवाणी मामला आहे." अहो, नेमप्लेटवर खोटं वजन चिकटवलंय, लॉक कापून वर रंग फासलाय, हा दिवाणी मामला? सोललेला स्टिकर टेबलावर ठेवला, त्यांनी हातसुद्धा लावला नाही. "कुणाला इजा झाली का?" असं विचारलं. म्हणजे गाडी माझ्या छातीवर पडली असती तर पंचनाम्याला तत्परतेने आले असते! ग्राहक तक्रारीसाठी विक्रेत्याचा पत्ता लागतो, आणि बिलावर छापलेल्या पत्त्यावर तसं दुकानच नाही. पत्ता शोधायचा कुणी? मीच. मग ही सगळी यंत्रणा बसलीय कशाला?

शेवटी ४,००० रुपये देऊन एका इंजिनिअरकडून तपासणी अहवाल करून घेतला. लॉक नाही, प्लेट बदललेली, वापरास अयोग्य, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. वर उल्लेख केलेल्या रकमेत हे चार हजार धरलेले नाहीत. तुमच्यावर अशी वेळ आली तर स्टिकर, चॅट, व्हिडिओ, काहीही डिलीट करू नका, आणि तक्रारीची पोच शिक्का मारून घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

तोच व्हिडिओ लावून ती लिफ्ट आजही विकायला आहे, नाव आणि नंबर मात्र नवे. लिफ्ट माझ्या गॅरेजमध्ये वीज तोडून पडलीय, तरी तो तीच विकतोय. खूण सांगतो: खांब निळे आहेत, डाव्या ट्रॅकच्या पुढच्या टोकाला आडवा पोचा आहे आणि वर जाताना लॉकचा आवाज येत नाही. तो व्हिडिओ तुमच्याकडे आला तर एक रुपयाही पाठवू नका, नंबरचा स्क्रीनशॉट तेवढा काढून ठेवा.