ठाण्याचे मराठी नकाशे जपायला जिओपॅकेज: वापरून केलेली पारख

ठाण्यातले तलाव, खाडीकाठची खारफुटी किंवा सोसायटीची हद्द यांच्या नोंदी मराठीत ठेवत असाल, तर नकाशाचा डेटा साठवण्याचा जुना फाइल-प्रकार, शेपफाइल, सोडा आणि नवा, जिओपॅकेज, घ्या. कारण देवनागरीच. शेपफाइलमध्ये रकान्याच्या नावाला १० बाइट मिळतात आणि यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या संकेतपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. काना-मात्राही वेगळे मोजले जातात. म्हणजे ‘तलावाचे_नाव’ या रकान्यातले ‘तला’ एवढेच उरते. रकान्यातल्या मजकुराला २५४ बाइट, म्हणजे जेमतेम ८४ चिन्हे. मासुंदा तलावावर दोन वाक्ये लिहिली की जागा संपली. शिवाय संकेतपद्धत सांगणारी सीपीजी फाइल सोबत नसेल तर अक्षरांचा चुथडा होऊ शकतो, आणि पीआरजे फाइल हरवली तर नकाशा कोणत्या प्रक्षेपात (गोल पृथ्वी सपाट मांडण्याच्या पद्धतीत) आहे तेच कळत नाही.

जिओपॅकेज ही एकच फाइल, आतून एसक्यूलाइट हा डेटाबेस. नकाशा-डेटाची मानके ठरवणाऱ्या ओजीसी या संस्थेने २०१४ मध्ये तिला मानक म्हणून मान्यता दिली. रचना खुली असल्यामुळे पुढे क्यूजीआयएस (नकाशे बनवण्याचे सॉफ्टवेअर) नसले तरी तक्ते वाचता येतात, ही सर्वांत मोलाची गोष्ट.

क्यूजीआयएसच्या प्रोसेसिंग टूलबॉक्समध्ये ‘पॅकेज लेयर्स’ उघडा, सगळे थर निवडा आणि स्टाइल साठवण्याच्या पर्यायावर खूण आहे ना ते बघा. नाहीतर रंग आणि चिन्हे फक्त प्रोजेक्ट फाइलमध्ये राहतात. प्रोजेक्ट फाइलमध्ये डेटा नसतो, त्याचा पत्ता असतो. फोल्डर हलले की थर सापडत नाहीत. वेबवरून घेतलेला पार्श्वनकाशा तर त्यात साठतच नाही. ठाणे-नवी मुंबईसाठी ईपीएसजी ३२६४३ ही मीटरमध्ये मोजणारी निर्देशांक-पद्धत ठेवा, क्षेत्रफळ थेट चौरस मीटरमध्ये मिळते.

आता दोष. काम चालू असताना शेजारी ‘डब्ल्यूएएल’ शेपटाची फाइल तयार होते आणि ताज्या दुरुस्त्या तिच्यात असतात. तेव्हा नुसती मुख्य फाइल कॉपी केली तर त्या दुरुस्त्या प्रतीत येत नाहीत. आधी क्यूजीआयएस बंद करा, मग कॉपी. एका वेळी लिहिणाराही एकच असावा. ऑफिसच्या सामायिक ड्राइव्हवर दोघांनी एकाच वेळी संपादन केले तर फाइल अडकते, बिघडूही शकते.

स्कॅन केलेले नकाशे मात्र यात कोंबू नका. आत त्यांचे तुकडे पडतात आणि जेपीईजीत दाबलेही जाऊ शकतात. मग सर्व्हे नंबरांच्या कडा फुटतात. त्यांच्यासाठी जिओटिफ (जागेची नोंद असलेली चित्र-फाइल), एलझेडडब्ल्यू किंवा डिफ्लेट या तपशील न गमावणाऱ्या दाबणीसह. ए-शून्य आकाराचा रंगीत नकाशा ४०० डीपीआयला न दाबता सुमारे ७५० एमबी होतो, तेवढी जागा धरूनच डिस्क घ्या.

खारफुटीची रेषा बदलत राहते. म्हणून जुन्या थरावर नवी रेषा ओढू नका. दर पाहणीची फाइल वेगळी, नावात तारीख, ‘रीड-ओन्ली’ केलेली, आणि शा-२५६ चेकसम (फाइल बदलली का हे ओळखायची खूण) शेजारच्या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये.