सीएनजी मॅन्युअल की पेट्रोल एएमटी: रोज गाडीने ऑफिसला जाणाऱ्यांसाठी

गाडी ठरली, रंगही ठरला, की शोरूममध्ये एकच प्रश्न उरतो. साध्या पेट्रोल मॅन्युअलवर पन्नासेक हजार जास्त टाकून एएमटी, म्हणजे क्लच-गिअर स्वतःच सांभाळणारी गाडी घ्यायची, की नव्वद-पंच्याण्णव हजार टाकून सीएनजी? दोन्ही एकत्र हवं असेल तर टाटाने २०२४ मध्ये टियागो आणि टिगोरला सीएनजीसोबत एएमटी दिली. पण बहुतेकांच्या यादीतल्या गाड्यांमध्ये सीएनजी म्हणजे अजून मॅन्युअलच. म्हणजे खिशाला आराम द्यायचा की डाव्या पायाला, एवढंच ठरवायचं.

पैशाचा हिशेब आधी उरकू, कारण तो सरळ आहे. ठाण्याहून घोडबंदर रोडने बोरिवली-मालाडकडे जाऊन-येऊन ४५ किलोमीटर धरा, महिन्याचे २२ दिवस, म्हणजे जवळपास १,००० किलोमीटर. या गर्दीत छोटी पेट्रोल गाडी लिटरला १३ च्या आसपास देते आणि तीच गाडी गॅसवर किलोला १९ च्या आसपास. मुंबई-ठाण्यात पेट्रोल शंभरीच्या वर आणि सीएनजी ऐंशीच्या आसपास धरलं, तर महिन्याला साधारण ८,००० विरुद्ध ४,२०० असा खर्च येतो. एएमटीपेक्षा जास्त मोजलेले चाळीस-पंचेचाळीस हजार वर्षभरात वसूल. इथे सीएनजी निर्विवाद पुढे आहे, आणि ज्याचा हप्ता महिन्याच्या शेवटी टोचतो त्याने ही गोष्ट हलकी धरू नये.

गॅसवर ताकद थोडी कमी पडते, एसी लावून चार माणसांसह उड्डाणपूल चढताना ते जाणवतं. पण ऑफिसला जाणाऱ्या एकट्या माणसाला त्याचं फारसं काही नाही. गॅसच्या टाकीत डिकी गेली तरी लॅपटॉपची बॅग मागच्या सीटवर मावते. खरी अडचण पंपावर आहे.

बहुतेक लोक रांगेची तक्रार करतात. मला रांगेपेक्षा प्रेशर जास्त महत्त्वाचं वाटतं. टाकीवर ६० लिटर लिहिलेलं असतं, ती पाण्याची क्षमता. त्यात २०० बारच्या (बार हे दाबाचं माप) दाबाने भरला तर ८ ते ९ किलो गॅस बसतो. पण संध्याकाळी रिक्षा, टॅक्सी आणि ऑफिसवाले एकदमच पंपावर येतात आणि कॉम्प्रेसरला साठ्याचा दाब टिकवता येत नाही. काटा १५०-१६० वर अडकतो, नोझल काढलं जातं आणि पावतीवर सहा किलो दिसतात. अर्धा तास उभं राहून ११०-११५ किलोमीटरची सोय झाली, म्हणजे अडीच दिवसांची. चौथ्या दिवसाऐवजी तिसऱ्याच दिवशी पुन्हा तीच रांग. हिशेब रुपयात मांडला तर महिन्याला ३,८०० वाचतात; तासात मांडला तर आठ-नऊ वेळा अर्धा-पाऊण तास, तोही दिवसभराच्या कामानंतर आणि दीड तासाच्या ट्रॅफिकनंतर, गाडीतून उतरून उभं राहण्यात जातो.

यावर उपाय आहेत, आणि सीएनजी घेतलीच तर ते पाळावेत. गॅस सकाळी सहाच्या आत किंवा रात्री अकरानंतर भरावा: दाब जास्त असतो, आणि थंड हवेत त्याच दाबाला गॅस जास्त बसतो. भरताना टाकीतला गॅस तापतो, म्हणून मे महिन्यातल्या दुपारी भरलेली टाकी निवल्यावर काटा खाली आलेला दिसतो. तिथे कोणी फसवलेलं नसतं. ज्या पंपावर सिलिंडरांनी भरलेला ट्रक उभा दिसतो तिथे गॅस पाइपने येत नाही. ट्रक रिकामा होत जाईल तसा दाब उतरतो, त्यामुळे तो पंप शक्यतो टाळा. पेट्रोलच्या टाकीत नेहमी पाच-सात लिटर ठेवा आणि आठवड्याला काही किलोमीटर पेट्रोलवर चालवा, नाहीतर इंजेक्टर चिकटतात. आणि दर तीन वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने होणारी तपासणी. त्या तपासणीच्या प्लेटवरची तारीख उलटली की पंपावरचा माणूस गॅस भरायला नकार देतो, आणि ते योग्यच आहे.

आता एएमटी. ती टॉर्क कन्व्हर्टरसारखी (महागड्या ऑटोमॅटिकमधला, तेलातून ताकद देणारा प्रकार) मऊ चालेल या अपेक्षेने घेऊ नका. आत तोच मॅन्युअलचा गिअरबॉक्स आणि तोच कोरडा क्लच असतो, फक्त तुमच्या पायाचं काम ॲक्च्युएटर नावाचं यंत्र करतं. त्यामुळे मॅन्युअलमध्ये जे केल्याने क्लच जळतो, तेच इथेही जाळतं. घोडबंदर रोडवरच्या गायमुखच्या चढावर गर्दी अडली की बरेचजण ॲक्सिलरेटर हलका दाबून गाडी जागेवर तोलून धरतात. दोन मिनिटांत जळका वास येतो. चढावर ब्रेक किंवा हँडब्रेकच हवा. हिल होल्ड (चढावर गाडी क्षणभर आपोआप धरून ठेवणारी सोय) नसेल तर ब्रेक सोडल्यावर क्लच पकडेपर्यंत गाडी क्षणभर मागे सरकते, तेव्हा हँडब्रेक ओढून ॲक्सिलरेटर द्यावा आणि गाडी ओढ घेऊ लागली की हँडब्रेक सोडावा. पुढची गाडी हातभर सरकली की आपणही हातभर सरकू नये. एका गाडीची जागा होऊ द्यावी, मग एकदम जावं. गाडी १०-१५ च्या वेगात पहिल्या-दुसऱ्यात हेलकावे खाऊ लागली तर मॅन्युअल मोडमध्ये एकाच गिअरवर ठेवा. सिग्नलला ब्रेक दाबलेला असताना क्लच सुटलेलाच असतो. न्यूट्रल केलं तर आराम पायाला मिळतो, क्लचला नाही. क्लचप्लेट बदलली तर स्कॅनर लावून क्लच लर्निंग (गाडीच्या कॉम्प्युटरला नव्या क्लचची ओळख करून देणं) केल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका, गचके तिथूनच सुरू होतात.

एवढं सांभाळलं की घोडबंदरच्या दीड तासात डावा पाय मोकळा राहतो, आणि घरी जाताना वाटेत कुठे थांबावं लागत नाही. पेट्रोल कुठेही पाच मिनिटांत मिळतं. रोजचं अंतर ५०-६० च्या पुढे असेल, किंवा पाइपने गॅस येणारा पंप घरी परतायच्या वाटेवर डाव्या हाताला असेल, तर सीएनजीलाच हो म्हणेन. पंप उजव्या हाताला असेल तर यू-टर्नची पंधरा मिनिटं रांगेच्या वेळेत मिळवा. ५०-६० च्या खालच्या अंतराला मात्र माझा कल एएमटीकडे आहे, महिन्याचे पैसे जास्त जातात हे मान्य करूनही.

बुकिंगचे पैसे भरण्याआधी एक करा. तुमच्या वाटेवरच्या पंपावर आठवड्यातल्या दोन संध्याकाळी आठ वाजता जा. रांगेतल्या गाड्या मोजा, आणि भरून निघालेल्या दोन-तीन जणांना किती किलो बसला ते विचारा. टाकीचा काटा तळाला असताना आठ किलोच्या आसपास सांगत असतील तर निर्धास्त सीएनजी घ्या. सहा-साडेसहा ऐकू आलं, तर एएमटीची टेस्ट ड्राइव्ह मागा, आणि ती चढावर, गर्दीच्या वेळी मागा.